तनखा : धार-देवासच्या इतिहासातील सरकारी देण्याची कथा

शासन एखाद्यास सेवेच्या अथवा मालाच्या मोबदल्यावाचून द्रव्य देते, तेव्हा अर्थशास्त्राचे अभ्यासक त्यास हस्तांतरण म्हणतात. एखादी वस्तू स्वस्त पडावी म्हणून किमतीचा काही भाग शासन स्वतः सोसते, तेव्हा त्यास अनुदान म्हणतात. दोन्ही शब्द नवे आहेत, व्यवहार मात्र फार जुना आहे. आपल्या भाषेत या व्यवहारासाठी इनाम, वर्षासन, दक्षिणा, नेमणूक असे कितीतरी शब्द होते. त्यांतील 'तनखा' हा शब्द धार आणि देवास या दोन पवार संस्थानांच्या इतिहासात पुनःपुन्हा भेटतो. जुन्या महसुली दप्तरांत गावाच्या ठरीव आकारणीलाही तनखा म्हणत आणि सरकारातून कोणास मिळणाऱ्या ठरीव रकमेलाही तनखाच म्हणत. घेणे आणि देणे यांस एकच नाव असावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सरकारने कोणास दिलेला प्रत्येक रुपया आधी कोणाकडून तरी घेतलेला असतो, हे त्या नावात सहज नोंदले गेले आहे.

आजच्या काळात शासकीय देणग्यांविषयी वाद पुष्कळ होतात. त्या वादांत पक्ष घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. देणे कोणास मिळाले, कशासाठी मिळाले, त्याची हमी कोणाच्या हाती होती आणि ते अखेर कोणाच्या कष्टांतून आले, एवढे चार प्रश्न माळव्याच्या या भूमीला विचारून पाहावेत, असा संकल्प आहे.

ताम्रपटावरचे दान

या भूमीवरील सरकारी देण्याचे जुने लेखी पुरावे परमारांच्या ताम्रपटांत आढळतात. भोजदेवाचे विक्रम संवत १०७६, म्हणजे इ. स. १०२० या वर्षाचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. एक बांसवाड्यास सापडला, तर दुसरा इंदूरहून धारेकडे जाणाऱ्या वाटेवरील बेटमा येथे. दोन्ही दाने कोकणच्या विजयाच्या निमित्ताने दिलेली आहेत. कोकणात मिळवलेल्या विजयाचा उत्सव माळव्यात विद्वान ब्राह्मणांना भूमिदान करून साजरा झाला, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अशा दानपत्रांची रचना काळजीपूर्वक पाहिली, तर राजा खजिन्यातून नाणे काढून देत नाही असे दिसते. तो गावच्या रहिवाशांना आज्ञा करतो, की आजवर आम्हांस जो भाग, भोग, कर आणि हिरण्य देत आलात, ते यापुढे या ब्राह्मणास देत जा. राजाने स्वतःचा घेण्याचा हक्क दुसऱ्याच्या स्वाधीन केला, एवढाच त्याचा अर्थ. शेतकऱ्याचे देणे तसेच राहिले, घेणारा बदलला. पुढच्या राजांनी हे दान मोडू नये म्हणून पटाच्या अखेरीस पुण्याची व नरकाची वचने कोरलेली असत. तेव्हा ते दान चालू राहण्याची हमी पुढील राजाच्या धर्मभीरुतेवर अवलंबून होती. ज्याच्या शेतातून ते जाणार, त्या कुणब्याचे नाव ताम्रपटावर येण्याचे कारणच नव्हते.

गिरासियांचा तनखा

परमारांनंतर अनेक सत्ता आल्या आणि गेल्या. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेशव्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून आल्या व त्यांच्याबरोबर पवारही आले. परमारांच्या वंशाचा अभिमान सांगणाऱ्या या मराठा घराण्याकडे माळव्यातील चौथ-सरदेशमुखीच्या वसुलाचा वाटा आला. उदाजी आणि आनंदराव यांच्याकडून धारची शाखा चालली, तर तुकोजी व जिवाजी या बंधूंनी १७२८ च्या सुमारास देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचा पाया घातला. १७४१ मध्ये दिल्लीच्या बादशहाने माळव्याच्या नायब सुभेदारीची सनद पेशव्यांस दिल्यावर या सत्तेस कायद्याचे रूपही आले.

या स्थित्यंतरात ज्या राजपूत ठाकुरांच्या जमिनी गेल्या, ते डोंगरांच्या आश्रयाने राहून आसपासच्या गावांवर धाडी घालू लागले. यांनाच गिरासिया म्हणत. पिके जाळू नयेत, गुरे हाकून नेऊ नयेत, म्हणून गावे त्यांना काही रक्कम देत. पुढे सरकारेही देऊ लागली. हाच माळव्यातील तनखा. त्यास इंग्रज लेखकांनी उघड खंडणी म्हटले आहे, परंतु गिरासियांच्या दृष्टीने तो आपल्या गेलेल्या भूमीचा हिस्सा होता. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्याची दुर्दशा झाली. शिंदे व होळकर यांच्या फौजांनी आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनी धारचा मुलूख वारंवार लुटला. राणी मैनाबाईंच्या धैर्यामुळेच ते संस्थान जेमतेम टिकले. पेंढारी युद्ध संपल्यावर १२ डिसेंबर १८१८ रोजी देवासशी आणि १० जानेवारी १८१९ रोजी धारशी इंग्रजांचे तह झाले. या व्यवस्थेचे सूत्रधार सर जॉन माल्कम होते.

माल्कम यांनी गिरासियांच्या प्रश्नाचा जो निकाल लावला, तो सरकारी देण्याच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. ठाकुरांनी गावांतून परस्पर वसुली करणे सोडावे, त्याऐवजी शिंदे, होळकर, धार, देवास इत्यादी दरबारांनी त्यांस ठरीव रोख रक्कम दरसाल द्यावी, आणि ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या मार्फत पोचावी, असे ठरले. त्याच्या बदल्यात ठाकुराने आपल्या हद्दीत शांतता राखावयाची आणि चोरी-दरोडा झाल्यास जबाबदार राहावयाचे. डोंगराळ भागातील भूमिया सरदारांवरही आपापल्या घाटवाटा सुरक्षित राखण्याची जबाबदारी घालण्यात आली. बंदोबस्ताच्या दृष्टीने ही व्यवस्था यशस्वी झाली. ओसाड पडलेली गावे पुन्हा वसू लागली.

परंतु या देण्याचा आणखी एक परिणाम झाला. पैसा दरबारचा आणि हमी इंग्रजांची, त्यामुळे तनखा घेणारा ठाकूर दरबारापेक्षा हमीदाराकडे पाहू लागला. दरबाराने रक्कम अडवली, तर तक्रार एजंटाकडे जाई. अशा रीतीने परक्याच्या खजिन्यातून चाललेल्या देण्याच्या जोरावर इंग्रजांनी संस्थानांच्या अंतर्भागात आपला हात कायमचा रोवला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतातील संस्थानांच्या गॅझेटियरांतही हे 'हमीदार ठाकूर' आणि त्यांचे तनखे नोंदलेले आढळतात. ज्या अशांततेसाठी ते सुरू झाले, ती संपून बहुतेक तीन पिढ्या उलटल्या होत्या. एकदा सनदेत गेलेले देणे त्याचे कारण नाहीसे झाले तरी चालू राहते, हे यावरून दिसते.

आठ लाखांची नेमणूक

माल्कम यांच्या हातून त्याच वर्षी दुसरे एक मोठे देणे ठरले. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म जानेवारी १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात झाला होता. रघुनाथरावांच्या धावपळीच्या काळात आनंदीबाईंनी तेथे आश्रय घेतला होता. तोच बाजीराव जून १८१८ मध्ये माल्कम यांच्या स्वाधीन झाला. माल्कम यांनी त्यास वर्षाला आठ लाख रुपयांची नेमणूक कबूल केली. ही रक्कम फार झाली, असे गव्हर्नर-जनरलसह अनेकांचे मत पडले. युद्ध आणखी काही महिने लांबले असते तर त्याहून कितीतरी अधिक खर्च आला असता, असे माल्कम यांचे उत्तर होते.

बाजीराव बिठूरास आणखी तेहतीस वर्षे जगला. त्याच्या नेमणुकीवर एकंदर अडीच कोटींहून अधिक रुपये खर्ची पडले. २८ जानेवारी १८५१ रोजी तो वारला, तेव्हा दत्तक पुत्र नानासाहेबास ती नेमणूक चालू ठेवण्याचे कंपनी सरकारने नाकारले. कंपनीच्या मते ती बाजीरावाच्या हयातीपुरती होती. नानासाहेबाच्या मते ती एका राज्याची किंमत होती आणि राज्य वंशपरंपरेचे असते. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक आहेत, तरी त्यांत या एका बंद झालेल्या तनख्याची गणना अनेक इतिहासकारांनी केली आहे. देणारा ज्यास कृपा समजतो, त्यास घेणारा हक्क समजू लागतो. देण्याचा हेतू आणि मुदत आरंभीच निःसंदिग्ध लिहिली नाही, तर त्याचा शेवट कटुतेत होतो.

दक्षिणेचे पुस्तक झाले

त्याच काळात पुण्यात एका जुन्या देण्याचे निराळे रूपांतर झाले. पेशवाईत श्रावणमासात विद्वान व अन्य ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा राज्य गेल्यावर एकदम बंद केली तर असंतोष होईल, हे जाणून एल्फिन्स्टन यांनी तिच्यापैकी वर्षाला ५० हजार रुपयांची तरतूद कायम राखली. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीही याच विचारातून. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ज केला, की दक्षिणेचा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस उत्तेजनार्थ द्यावा. पुण्यात त्यावरून मोठा क्षोभ झाला. तथापि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन होऊन मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. पुढे दक्षिणा फेलोशिपा निघाल्या आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या विद्यार्थ्यांना त्यांचा लाभ झाला.

ग्रंथालयाच्या सभासदांना हे उदाहरण विशेष जिव्हाळ्याचे वाटेल. रक्कम तीच होती. परंतु एका पर्वदिवशी वाटून संपणारे द्रव्य ग्रंथात आणि शिक्षणात गुंतले, म्हणून त्याचा उपयोग ज्यांचा त्या दक्षिणेवर कधीच अधिकार नव्हता, अशा वाचकांपर्यंत पोचला. हा बदल सरकारच्या मनात आपोआप आला नाही. समाजातील काही लोकांनी अप्रियता पत्करून तो मागितला, हे विसरता कामा नये.

दरबारचा आश्रय

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून धार-देवासचे दरबार स्वतः आश्रयदाते म्हणून पुढे आले. शाळा, दवाखाने, देवस्थाने, पंडित, गवई, मल्ल अशा अनेकांस वर्षासने मिळत. धारचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी परमारकालीन शिलालेखांचा शोध घेऊन या नगरीचा इतिहास विद्वानांपुढे ठेवला, तो दरबारच्या सेवेत राहूनच. रजब अली खाँसाहेबांसारखा थोर गायक देवासचा म्हणून ओळखला गेला. संस्थानी आश्रय नसता, तर या लहानशा गावांत एवढे गुण एकत्र येते ना.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०१ च्या शिरगणतीत देवासच्या थोरल्या पातीची लोकसंख्या सुमारे ६२ हजार आणि धाकट्या पातीची सुमारे ५५ हजार होती. एवढ्या लोकांच्या सारावसुलीवर दोन राजघराणी, दोन दरबार आणि दोन कारभार चालत, आणि तेही एकाच शहरात. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांची हुशारी व सुस्वभाव यांविषयी त्यांना भेटलेल्या परदेशी लेखकांनीही प्रेमाने लिहिले आहे. इ. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये काही महिने त्यांचे खासगी चिटणीस होते व त्यांनी १९५३ मध्ये या दिवसांवर पुस्तक लिहिले. परंतु राजवाड्याची अपुरी राहिलेली बांधकामे, उत्सव आणि मानपान यांचा खर्च उत्पन्नाला पेलेनासा झाला. इंग्रज सरकारने चौकशीचा आग्रह धरल्यावर १९३३ च्या अखेरीस महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीस निघून गेले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. ज्या माल्कम डार्लिंग यांनी तरुणपणी या महाराजांचे शिक्षक म्हणून काम केले, त्यांनीच पुढे पंजाबातील शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर प्रमाणभूत ग्रंथ लिहिला, हा एक विलक्षण योगायोग होय.

दरबारच्या औदार्यास अंदाजपत्रकाची शिस्त नव्हती. महाराजांची मर्जी आणि तिजोरीची स्थिती या दोहोंवर ते अवलंबून असे. तिजोरी रिती झाली, की पहिला फटका कारकून, शिक्षक व कलावंत यांस बसे.

राज्यघटनेची हमी

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघाचे उद्घाटन झाले व धार आणि देवासच्या दोन्ही पाती त्यात विलीन झाल्या. राज्यकारभार सोडण्याच्या बदल्यात संस्थानिकांना तनखे ठरवून देण्यात आले. आपला जुना शब्द येथे पुन्हा अवतरला. ओरिसा-छत्तीसगडच्या संस्थानांसाठी आखलेल्या सूत्रात उत्पन्नाच्या पहिल्या लाखावर १५ टक्के, पुढील चार लाखांवर १० टक्के आणि त्यापुढे साडेसात टक्के असा उतरता दर होता. मोठ्या संस्थानांचे करार स्वतंत्र झाले. मध्यभारतात ग्वाल्हेरला वर्षाला २५ लाख आणि इंदूरला १५ लाख रुपये ठरले. धार-देवासचे आकडे त्या मानाने लहान होते. देशातील सर्व तनख्यांची बेरीज आरंभी सुमारे ५ कोटी ८० लाख रुपये होती.

या तनख्यांची हमी प्रत्यक्ष राज्यघटनेत होती. अनुच्छेद २९१ अन्वये ते भारताच्या संचित निधीतून करमुक्त मिळावयाचे होते. रक्ताचा थेंब न सांडता राज्ये सोडली गेली, त्या मानाने हा मोबदला अल्प आहे, अशी सरदार पटेलांची भूमिका होती. ताम्रपटावरील शापवचनांपेक्षा ही हमी पुष्कळच बळकट म्हणावी लागेल. तरीही ती सुमारे बावीस वर्षे टिकली. तनखे रद्द करण्याचे घटनादुरुस्ती विधेयक सप्टेंबर १९७० मध्ये राज्यसभेत आवश्यक दोन-तृतीयांश मतांपेक्षा एका मताहूनही कमी अंतराने पडले. लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढण्यात आली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर १९७० रोजी तो आदेश रद्द ठरवला. अखेर डिसेंबर १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे संपले.

तोपर्यंत वार्षिक खर्च पाच कोटींच्या आत आला होता आणि केंद्राच्या एकूण खर्चात तो एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी होता. म्हणजे प्रश्न पैशाच्या बचतीचा नव्हता. समतेची शपथ घेतलेल्या प्रजासत्ताकात जन्माच्या आधारावर कोणास द्रव्य द्यावे काय, हा प्रश्न होता. दिलेला शब्द मोडावा काय, हा प्रश्नही तितकाच खरा होता. दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसे होती. येथे एवढेच नोंदवतो, की विलीनीकरण पूर्ण होऊन स्थिर झाले होते. ज्यासाठी देणे कबूल केले ते हाती आले होते. अशा वेळी हमी मोडणे देणाऱ्यास सोपे जाते.

संस्थाने गेली त्याच १९४८ साली कुमार गंधर्व प्रकृतीच्या कारणास्तव देवासला राहावयास आले. त्यांच्यामागे दरबार नव्हता. आजारातून उठल्यावर ते श्रोत्यांच्या बळावर गायले आणि देवासचे नाव पुन्हा सर्व देशाच्या मुखी झाले. राजाश्रय गेला म्हणून कला संपत नाही, याचे याहून समीपचे उदाहरण सापडणार नाही.

कष्टकऱ्याच्या हातची सनद

आता राहिला चौथा प्रश्न, ज्याच्या कष्टांतून हे सर्व देणे येत होते, त्याचा. त्यास लेखी हक्क मिळण्याचा आरंभ महाराष्ट्रात झाला. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे केलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजनेची कल्पना वाढली. १९७२-७३ च्या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. १९७७ मध्ये त्या हमीचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी शहरांतील पगारदारांवर व व्यावसायिकांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसला होता. देणारा कोण व घेणारा कोण, हे येथे प्रथमच स्पष्ट लिहिले गेले. मागेल त्यास काम, आणि कामास मजुरी.

हीच कल्पना २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात उतरली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत ती लागू झाली, त्यांत धार जिल्हा होता. ज्या डोंगरांतील सरदारांना पूर्वी शांततेसाठी तनखा मिळे, त्याच डोंगरांतील भिल्ल मजुराच्या घरी वर्षाला शंभर दिवसांच्या कामाचा लेखी हक्क पोचला. त्या हक्काची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही. २०२५ च्या अखेरीस संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवसांची संख्या १२५ झाली आहे, पण खर्चाचा भार राज्यांवरही मोठ्या प्रमाणात आला आहे. जून २०२३ पासून मध्य प्रदेशात आणि २०२४ पासून महाराष्ट्रात स्त्रियांच्या बँक खात्यांत दरमहा थेट रक्कम जमा होऊ लागली. या योजनांचा आधार कायदा नसून शासनाचा निर्णय हा आहे. देवासच्या सरकारी छापखान्यात नोटा छापल्या जातात, आणि आता देवासच्याच खेड्यातील गृहिणीच्या हाती सरकारी देणे नोटेविना, मोबाइलवरील संदेशाच्या रूपाने पोचते.

हजार वर्षांच्या या आढाव्यातून सर्व प्रसंगी लागू पडणारा नियम काढणे धाडसाचे होईल. तरी काही गोष्टी पुनःपुन्हा दिसतात. शांतता, शरणागती, विलीनीकरण यांपैकी काहीतरी पदरात पाडून घेण्यासाठी जे देणे ठरले, ते काम साधल्यावर देणाऱ्यास ओझे वाटू लागले. मर्जीवर चाललेले देणे तिजोरीबरोबर आटले. ज्याचे रूपांतर शाळेत, ग्रंथात, रस्त्यात अथवा बंधाऱ्यात झाले, तेवढे मागे उरले. आणि घेणाऱ्याच्या हाती स्वतः वाचता येईल असा कागद असला, की त्यास देणे मागता येते; नसला, तर केवळ वाट पाहावी लागते.

ग्रंथालयेही अनुदान घेतात. संस्थानी काळात ती दरबारच्या वर्षासनावर उभी राहिली, आज शासनाच्या साहाय्याकडे पाहतात. ते घेण्यात कमीपणा नाही, कारण तो पैसा जनतेचाच आहे. परंतु ज्या संस्थेचे सभासद वर्गणी वेळेवर भरतात, वार्षिक सभेस येतात आणि जमाखर्चाच्या पत्रकावर प्रश्न विचारतात, ती संस्था अनुदान थकले तरी दार उघडे ठेवते. शतकपूर्तीच्या या वर्षी आपल्या संस्थेच्या जुन्या वर्गणी-वह्या सभासदांनी एकदा अवश्य चाळाव्यात. चार-आठ आण्यांच्या त्या नोंदी हाही या प्रांताच्या अर्थव्यवहाराचा इतिहासच आहे, आणि देणाऱ्यांची नावे त्यात नीट लिहिलेली सापडतात.